मदुमोदाचा नातू

सकाळी पावणेआठची कदंब बस बांबोळीला पकडायची आणि वास्कोला उतरायचे, हे माझे गेली अकरा वर्षे चालले आहे. मी बंदरावरच्या एका क्लियरिंग एजंटकडे कामाला आहे. जहाज यायचे ठरले की त्याचे कागद आमच्या टेबलावर येतात: मालाची यादी, खलाशांची यादी, बंदराच्या देण्यांचा हिशेब. म्हणूनच असेल, जाताना गोवा वेल्हा आले की मी मोबाइल पिशवीत टाकते आणि बाहेर बघते.

वेल्हा म्हणजे पोर्तुगीजमध्ये जुने, त्यामुळे पाटीवरचे नाव वाचून पुष्कळ पाहुणे इथे मोठमोठी चर्चेस शोधतात. ती जुन्या गोव्यात, मांडवीकाठी. हे गाव झुआरीकाठचे, आणि बंदर म्हणून त्याहून जुने. गोपकपट्टण ते हेच. कदंब राजांनी अकराव्या शतकात चांदरची राजधानी इकडे आणली आणि स्वतःला पश्चिमसमुद्राधीश्वर म्हणवून घेतले. ज्यांच्या नावाच्या बसने मी रोज जाते, ते हे कदंब.

त्यांच्यातल्या पहिल्या जयकेशीचा एक ताम्रपट आहे, त्याच शतकाच्या मध्यावरचा. त्यातली हकिकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्री जेवणाची भांडी तशीच राहिली होती. जयकेशीचा आजा गुहल्लदेव गलबताने सोमनाथाच्या यात्रेला निघाला. वाटेत डोलकाठी मोडली, गोव्याच्या बंदरात आसरा घ्यावा लागला. तिथे त्याच्या मदतीला धावला मदुमोद नावाचा श्रीमंत व्यापारी. ताजिक, म्हणजे अरब. त्याचा मुलगा अलियम, आणि नातू छडम. हा छडम जयकेशीच्या कारभारात मोठ्या अधिकारावर होता. त्याने मशीद बांधली, आणि तिचा खर्च भागावा म्हणून बंदरात येणाऱ्या गलबतांवर कर लावून दिला. हिंदू राजाची मंजुरी, संस्कृत लेख, आणि त्यात मशिदीला शब्द आहे मिजिगिति.

आमच्या धंद्यातल्या माणसाला त्या कराचेच अप्रूप वाटते. राजाने एकदाच थैली दिली असती तर ती केव्हातरी संपली असती. इथे गलबत धक्क्याला लागेल तेव्हा तेव्हा मशिदीत दिवा लागणार. बंदर चालू आहे तोवर ही सोय चालू.

पण मनातून जात नाहीत ती नावे. मदुमोद म्हणजे मुहम्मद. अलियम म्हणजे अली. नावे अशी वळवण्याची रीत या किनाऱ्यावर आधीपासूनची. राष्ट्रकूटांच्या काळात, 926 सालच्या ताम्रपटात, गुजरात किनाऱ्यावरच्या संजाणचा कारभार बघणारा अरब अधिकारी मुहम्मद आहे. तिथे त्याचे नाव पडले मधुमति. पुढे 1264 साली सोमनाथाजवळ मशीद बांधणारा होर्मुझचा जहाजमालक फिरोज संस्कृत लेखात पिरोज होतो. यात मला कुठे तुच्छता दिसत नाही. परक्याचे नाव रोज हाक मारून मारून असे गुळगुळीत होते.

तिकडूनही तेच झाले. अरबांनी गोव्याला सिंदाबूर केले. ते आपल्या चंद्रपूरवरून, म्हणजे चांदरवरून, असे बरेच अभ्यासक धरतात. 1340 नंतरच्या दोन-चार वर्षांत इब्न बतूता इथे आला होता. बेटावर छत्तीस गावे, भोवतीचे पाणी ओहोटीला गोडे आणि भरतीला खारे, असे त्याने लिहून ठेवले. इथली मोठी मशीद हसन नावाच्या नाखुदाने बांधलेली, तिला त्याने बगदादच्या मशिदींची उपमा दिली. नाखुदा म्हणजे आपला नाखवा. हा शब्दही असाच गलबतातून उतरून इथलाच झाला.

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एका खलाशाचे नाव चुकले. ब्रह्मदेशी तरुण होता, आडनाव नसलेला. फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणून मी त्याच्या नावाचे दोन तुकडे केले. पासपोर्टशी ते जुळेना. बाकीचे किनाऱ्यावर उतरले आणि तो संध्याकाळपर्यंत जहाजावर बसून राहिला. त्याला आईला फोन करायचा होता, हे मला नंतर कळले. दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली तर तो हसला आणि आपले नाव सावकाश, तीनदा म्हणून दाखवले.

त्या रविवारी भाचीला घेऊन मी गोवा वेल्ह्याजवळच्या आगशीला गेले, त्या जुन्या बंदराची भिंत बघायला. ओहोटी होती. जांभ्याचे दगड, काठ झिजून गोल झालेले, खालच्या बाजूला कालवांची टरफले चिकटलेली. चिखलात खापरीचा एक तुकडा दिसला, आतून हिरवट झिलई. भाचीला तो घरी न्यायचा होता. मी तिला तो परत तिथेच ठेवायला लावला. वरून एक म्हातारी बाय बघत होती, तिने विचारले, "कितें सोदता गो?" मी म्हटले, इथे पूर्वी मोठे बंदर होते, ते बघतो आहोत. ती म्हणाली, आता तर होडीसुद्धा चिखलात रुतते.

खरेच आहे. झुआरी गाळाने भरत गेली, व्यापार मांडवीवर एळ्याला, म्हणजे आजच्या जुन्या गोव्याला, सरकला, आणि पोर्तुगीजांनी 1510 साली घेतले ते शहर एळ्याचे. छडमाची मशीद नेमकी कुठे उभी होती ते दाखवणारे मला अजून कुणी भेटलेले नाही. भाचीने तिथेच ओल्या वाळूत काडीने मदुमोद लिहिले, खाली मुहम्मद, आणि मग तिसऱ्या ओळीत काय लिहू म्हणून माझ्याकडे बघितले. मी तिला त्या खलाशाचे नाव सांगितले, त्याने म्हटले होते तसेच, सावकाश.