दुसऱ्या स्टारचा बचावपटू कुठे उभा आहे? निरीक्षणवहीतील पाच महिन्यांची प्रगती

दोन मोठे खेळाडू एकाच संघात आले की चाहत्यांमध्ये सुरू होणारा वाद मी कित्येक वर्षे ऐकत आलो आहे आणि त्यात हिरिरीने भागही घेत आलो आहे. एक पक्ष म्हणतो की एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, चेंडू एकच असतो आणि तो दोघांनाही हवा असतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की गुणवत्ता कधीच जास्त होत नाही, हुशार खेळाडू आपला मार्ग आपण शोधतात. दोन्ही पक्षांच्या पोतडीत उदाहरणे भरपूर असल्यामुळे कोणीच हरत नाही आणि कोणालाच काही नवे कळत नाही. म्हणून पाच महिन्यांपूर्वी मी ठरवले की एनबीएचे (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे) जुने सामने थांबवत थांबवत पुन्हा पाहायचे आणि प्रत्येक चढाईत दोन्ही स्टार खेळाडू नेमके काय करतात ते वहीत लिहायचे. ज्यांना असाच छंद आहे त्यांना माझ्या चुकांमधूनही काही घेता यावे, म्हणून आतापर्यंतची वाटचाल येथे मांडत आहे.

पहिला महिना

सुरुवातीला मी दोन रकाने आखले होते. पहिल्यात दोन स्टार खेळाडूंमध्ये झालेले पास, आणि दुसऱ्यात एकत्र आल्यानंतर प्रत्येकाच्या सरासरी गुणांत झालेली घट. दोन्ही रकाने मी महिन्याअखेरीस खोडून टाकले.

गुणांच्या घटीचा रकाना का खोडला ते आधी सांगतो. ख्रिस बॉश टोरांटोच्या शेवटच्या हंगामात सामन्यामागे 24.0 गुण करत होता. मायामीत आल्यावर 2010-11 मध्ये ती सरासरी 18.7 वर आली. केव्हिन ड्युरँट गोल्डन स्टेटमध्ये आला तेव्हा स्टीफन करी 30.1 वरून 25.3 वर आणि ड्युरँट स्वतः 28.2 वरून 25.1 वर आला. त्याही मागे गेलो तर अर्ल मन्रो बाल्टिमोरसाठी 1968-69 मध्ये 25.8 गुणांची सरासरी राखत होता आणि न्यू यॉर्कमध्ये वॉल्ट फ्रेझियरच्या शेजारी 1972-73 मध्ये 15.5 वर समाधानी होता. फ्रेझियर आणि मन्रो हे दोन्ही चेंडू हातात ठेवणारे गार्ड असल्यामुळे हा मेळ बसणार नाही, असे 1971 मध्ये अनेकांना वाटत होते. 1973 मध्ये त्याच जोडीने लॉस एंजेलिस लेकर्सला अंतिम मालिकेत 4-1 असे हरवून विजेतेपद मिळवले. बॉश, करी, ड्युरँट आणि मन्रो या चौघांचेही गुण घटले आणि चौघेही त्या संघांसोबत विजेते झाले. गुण घटणे हे जोडी फसल्याचे लक्षण नाही, एवढे तरी यावरून स्पष्ट झाले.

पासांचा रकाना खोडण्याचे कारण मला अधिक शिकवून गेले. करीकडे चेंडू नसतानाही त्याच्यामागे दोन बचावपटू धावत असतात, आणि त्या गोंधळात ड्युरँटला मोकळी वाट मिळते. त्या चढाईत करीने एकही पास दिलेला नसतो. माझ्या वहीत ती चढाई करीच्या नावापुढे रिकामी राहत होती. म्हणजे जे सर्वांत महत्त्वाचे होते तेच माझ्या मोजणीतून निसटत होते.

दुसरा महिना

यानंतर मी जो रकाना आखला तो आजही टिकून आहे आणि माझ्या सगळ्या निरीक्षणाचा कणा झाला आहे. पहिला स्टार चेंडू घेऊन तीन गुणांच्या रेषेच्या (जिच्या बाहेरून बास्केट केल्यास तीन गुण मिळतात) आत पाऊल टाकतो, त्या क्षणी मी चित्र थांबवतो आणि दुसऱ्या स्टारचा बचावपटू कुठे उभा आहे ते पाहतो. तो आपल्या माणसाला चिकटून असेल तर एक खूण, अर्ध्या वाटेवर असेल तर दुसरी, आणि आपला माणूस सोडून पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात) उतरला असेल तर तिसरी. चेंडू एक की दोन हा प्रश्न बाजूला राहतो; प्रश्न असा होतो की एका स्टारच्या हातात चेंडू असताना दुसऱ्या स्टारकडे प्रतिस्पर्धी दुर्लक्ष करू शकतो का?

ही पद्धत मी आधी 2021-22 च्या लेकर्सवर वापरली, कारण तेथे उत्तर ढळढळीत मिळेल असे वाटत होते. लेब्रॉन जेम्स, अँथनी डेव्हिस आणि रसेल वेस्टब्रुक या तिघांपैकी वेस्टब्रुकची तीन गुणांच्या फटक्यांची अचूकता कारकिर्दीत 30 टक्क्यांच्या आसपास राहिली आहे. चेंडू हातात असताना तो झंझावात असतो, परंतु जेम्स चेंडू खेळवत असताना वेस्टब्रुक रेषेबाहेर उभा राहिला की त्याचा बचावपटू निर्धास्तपणे पेंटमध्ये उतरतो, आणि जेम्सला जी वाट दोन माणसांमधून काढायची होती ती तिघांमधून काढावी लागते. माझ्या पानांवर तिसरी खूण इतकी दाट पडली की मोजण्याची गरजच उरली नाही. तो संघ 33-49 (33 विजय, 49 पराभव) वर थांबला आणि प्लेऑफमध्येही (विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्यांतही) पोहोचला नाही. अर्थात, हे तिघे त्या हंगामात केवळ 21 सामने एकत्र खेळले, आणि दुखापतींचा हा वाटा विसरून सगळा दोष वेस्टब्रुकच्या फटक्यांवर टाकणे मला योग्य वाटत नाही.

गोल्डन स्टेटच्या 2016-17 च्या सामन्यांत चित्र उलटे दिसते. तेथे करी, क्ले थॉम्प्सन आणि ड्युरँट यांच्यापैकी कोणाचाही बचावपटू सहसा जागा सोडायला धजत नाही. नियमित हंगामात 67-15 आणि प्लेऑफमध्ये 16-1 ही त्या संघाची कामगिरी सर्वांना ठाऊक आहे. माझ्या दृष्टीने अधिक बोलका आकडा म्हणजे त्या संघाचे सामन्यामागे 30.4 असिस्ट (ज्यांवरून लगेच बास्केट होते असे पास).

तिसरा महिना, जो जवळजवळ पूर्ण मायामीला दिला

मायामीवर मी ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ घालवला, कारण येथे एकच संघ आधी अडखळतो आणि नंतर सुधारतो, त्यामुळे बदल नेमका कोठे झाला हे एकाच वहीत शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. जेम्स, ड्वेन वेड आणि बॉश 2010 मध्ये एकत्र आले आणि पहिल्या 17 सामन्यांनंतर त्यांची स्थिती 9-8 अशी होती. मग त्यांनी सलग 12 सामने जिंकले, हंगाम 58-24 वर संपवला आणि 2011 च्या फायनलमध्ये डॅलसकडून 4-2 असे हरले. त्या मालिकेत जेम्सची सरासरी 17.8 होती आणि चौथ्या सामन्यात त्याने केवळ 8 गुण केले.

त्या मालिकेचे सामने पाहताना माझ्या रकान्यातील तिसरी खूण पुन्हा दाटली. वेड हाही वेस्टब्रुकप्रमाणेच दुरून फटके मारणारा खेळाडू नव्हता, आणि डॅलसने मधूनमधून झोन बचाव (माणसाऐवजी जागा राखण्याची पद्धत) वापरल्यामुळे पेंट आणखी भरला होता. जेम्स आणि वेड पाळीपाळीने चेंडू घेत आणि दुसरा बाजूला उभा राहून पाहत राही. “तुझी पाळी, माझी पाळी” असा हा खेळ होता.

पुढच्या दोन वर्षांत वेडचा फटका सुधारला नाही. सुधारली ती त्याची उभे राहण्याची सवय, म्हणजे त्याने उभे राहणेच सोडले. त्याचा बचावपटू मदतीसाठी वळला, की त्याच क्षणी वेड त्याच्या पाठीमागून बेसलाइनवरून (बास्केटमागच्या सीमारेषेलगत) बास्केटकडे मुसंडी मारू लागला. पाठ फिरवलेल्या बचावपटूला हे दिसत नाही, जेम्सला मात्र ते दिसते. दुरून फटका न मारताही बचावपटूला जागेवर खिळवून ठेवता येते, हे मला वेडच्या खेळातून कळले, आणि या सगळ्या उपक्रमातील माझा सर्वांत आवडता शोध हाच आहे.

बॉशचा बदल आणखी खोल होता. 2012 च्या प्लेऑफमध्ये पोटाच्या स्नायूच्या दुखापतीमुळे तो काही सामने बाहेर राहिला आणि त्या काळात मायामीला शेन बॅटियरसारख्या लहान चणीच्या फटकेबाजाला घेऊन खेळणे भाग पडले. बॉश परतला तो पारंपरिक पॉवर फॉरवर्ड (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) म्हणून नव्हे, तर रेषेबाहेर उभा राहणारा सेंटर (एरवी बास्केटखाली खेळणारा, सहसा संघातील सर्वांत उंच खेळाडू) म्हणून. बॉस्टनविरुद्धच्या सातव्या सामन्यात त्याने तीन गुणांच्या चारपैकी तीन फटके बास्केटमध्ये घातले. प्रतिस्पर्ध्याचा सर्वांत उंच माणूस त्याच्यामागे बाहेर ओढला गेला आणि पेंट रिकामा झाला. मायामीने त्या वर्षी ओक्लाहोमा सिटीला 4-1 असे हरवले. 2012-13 मध्ये सलग 27 सामने जिंकले. 2013 च्या फायनलच्या सहाव्या सामन्याची आठवण बहुतेकांना रे ॲलनच्या कोपऱ्यातील फटक्यासाठी आहे, परंतु जेम्सचा हुकलेला फटका रिबाउंड करून (उसळलेला चेंडू पकडून) तो पास ॲलनला देणारा बॉशच होता, आणि जादा वेळेतील शेवटचा फटका अडवणाराही तोच. टोरांटोतील 24 गुणांच्या बॉशपेक्षा हा बॉश मला मोठा खेळाडू वाटतो.

चौथा महिना, मित्राचा आक्षेप

माझ्या या रकान्याविषयी एका जुन्या मित्राने जो आक्षेप घेतला, त्याने मला दोन आठवडे स्वस्थ बसू दिले नाही. तो म्हणाला की बॉस्टनचे जेसन टेटम आणि जेलन ब्राउन हे एकमेकांसाठी फारसे काही करत नाहीत, पाळीपाळीनेच खेळतात, तरीही 2024 मध्ये ते विजेते झाले. मग तुझा सिद्धांत कुठे गेला? आक्षेप वजनदार होता. जानेवारी 2022 मध्ये बॉस्टन 18-21 वर असताना या दोघांपैकी एकाला विकून टाकावे असे म्हणणाऱ्या चाहत्यांची संख्या काही कमी नव्हती. त्याच हंगामात तो संघ 51-31 पर्यंत चढला आणि फायनलपर्यंत गेला, आणि दोन वर्षांनी 64-18 असा हंगाम खेळून डॅलसला 4-1 असे हरवून विजेता ठरला. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ब्राउन ठरला, आणि त्याच मालिकेत संघातर्फे सर्वाधिक गुण, रिबाउंड आणि असिस्ट टेटमचे होते.

मी 2024 ची मालिका पुन्हा लावली आणि मित्राचे निरीक्षण बरोबर असल्याचे मान्य केले. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. टेटम आणि ब्राउन पाळीपाळीने खेळतात हे खरे, पण ज्याची पाळी नसते त्याचा बचावपटूही फार दूर जाऊ शकत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अल हॉरफर्ड किंवा क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस हे सेंटरही दुरून फटका मारत असल्यामुळे पेंटमध्ये उभे राहायला कोणालाच मोकळीक उरत नाही. त्यामुळे वहीत मला आणखी एक रकाना वाढवावा लागला, तो म्हणजे संघाच्या सेंटरचा बचावपटू कुठे आहे. दोन स्टार जुळतात की नाही हे बऱ्याचदा तिसराच माणूस ठरवतो. मित्राला अजून पूर्णपणे पटलेले नाही, पण हा नवा रकाना आवश्यक होता, एवढ्यावर आमचे एकमत झाले.

हा रकाना डोळ्यांसमोर ठेवून मी एका जुन्या जोडीविषयी नव्याने विचार केला. 1968 मध्ये विल्ट चेंबरलेन लेकर्समध्ये आला तेव्हा तेथे जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर आधीच होते. बेलरचा खेळ बास्केटकडे घुसण्याचा आणि चेंबरलेनची जागा बास्केटच्या शेजारी, म्हणजे बेलरची वाट जेथे संपत होती तेथेच चेंबरलेन आणि त्याचा बचावपटू उभे. 1969 ची फायनल लेकर्स बॉस्टनकडून सात सामन्यांत हरले. 1971-72 च्या सुरुवातीलाच बेलर निवृत्त झाला आणि पुढच्याच सामन्यापासून 33 विजयांची मालिका सुरू झाली. पण जोडी फोडली म्हणून यश आले, असा अर्थ काढणाऱ्यांनी चेंबरलेनकडेही पाहावे: एके काळी हंगामभर 50.4 गुणांची सरासरी राखणारा हा माणूस त्या वर्षी 14.8 गुण आणि 19.2 रिबाउंडवर खेळला, आणि रिबाउंड घेताच चेंडू पुढे धावणाऱ्यांकडे फेकत राहिला. लेकर्स 69-13 वर पोहोचले आणि विजेते झाले.

पाचवा महिना

या महिन्यात मी काही उदाहरणे वहीतून बाजूला काढली. 2012-13 चे लेकर्स हे जोडी न जमण्याचे उदाहरण म्हणून नेहमी दिले जाते. परंतु स्टीव्ह नॅशचा पाय दुसऱ्याच सामन्यात मोडला, पाच सामन्यांनंतर प्रशिक्षक बदलला आणि एप्रिलमध्ये कोबी ब्रायंटच्या टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला. ड्वाइट हॉवर्ड आणि पाउ गॅसोल एकाच जागेसाठी धडपडत होते हे दिसते, पण एवढ्या पडझडीत नेमके कशाला किती माप द्यावे हे ठरवता येत नाही. ब्रुकलिनचे ड्युरँट, जेम्स हार्डन आणि कायरी अर्विंग हे तिघे नियमित हंगामांत मिळून अवघे 16 सामने एकत्र खेळले आणि त्यांपैकी 13 जिंकले. 16 सामन्यांवरून कोणत्याही बाजूने निकाल लावणाऱ्यांशी मी यापुढे वाद घालणार नाही.

ह्यूस्टनची 2017-18 ची पाने मात्र ठेवली आहेत, कारण त्यांचे उत्तर वेगळ्याच जातीचे होते. हार्डन आणि ख्रिस पॉल यांच्या विश्रांतीच्या वेळा अशा लावल्या होत्या की दोघांपैकी एक तरी जवळपास सतत मैदानात असे. म्हणजे मेळ बसवण्याचा प्रश्न काही मिनिटांपुरता सोडवायचा आणि उरलेल्या मिनिटांत तो उद्भवूच द्यायचा नाही. 65 विजय त्यातून आले.

सध्या माझ्या समोर डेन्व्हरच्या निकोला योकिच आणि जमाल मरे यांची 2023 ची फायनल आहे. तिसऱ्या सामन्यात योकिचने 32 गुण, 21 रिबाउंड आणि 10 असिस्ट तर मरेने 34 गुण, 10 रिबाउंड आणि 10 असिस्ट केले. एकाच सामन्यात दोन सहकाऱ्यांनी 30 किंवा अधिक गुणांसह ट्रिपल-डबल (गुण, रिबाउंड, असिस्ट अशा तीन बाबींत दोन अंकी आकडा) करण्याची एनबीएतील ती पहिलीच वेळ होती. येथे माझा रकानाच अपुरा पडतो आहे, कारण हे दोघे दूर उभे राहत नाहीत, एकमेकांना खेटून खेळतात. कधी योकिच मरेला स्क्रीन देतो (त्याच्या बचावपटूच्या वाटेत उभा राहून अडवतो), तर कधी मरे योकिचला. थांबवलेल्या चित्रात दोन बचावपटू एकाच जागी दिसतात आणि कोण कोणाला धरून आहे हेच पुष्कळदा ठरवता येत नाही. त्यासाठी स्क्रीन कोणी दिला आणि त्या क्षणी बचावपटूंनी माणसे बदलली की नाही, असे दोन नवे रकाने आखून मी पहिल्या सामन्यापासून पुन्हा सुरुवात केली आहे. काल रात्री पहिल्या सामन्याचे पहिले क्वार्टर पूर्ण झाले.