तार्गा फ्लोरिओच्या रस्त्यावर एक फेरा

सिसिलीतल्या पालेर्मोहून निघताना नवऱ्याला फक्त एवढंच सांगितलं होतं की चेर्दा गावाजवळ दहा मिनिटं थांबायचंय. पण तिथे फ्लोरिओपोलीचे जुने पिट्स, म्हणजे रेसच्या गाड्या थांबवायच्या जागा, आणि समोरचं प्रेक्षकांचं रिकामं स्टँड दिसलं आणि मला तिथून हलवेचना. मधून साधा चालू रस्ता जातो, आपल्या गावाबाहेरच्या रस्त्यासारखा, आणि ह्याच रस्त्यावरून ७० वर्षं तार्गा फ्लोरिओ ह्या मोटार रेसमध्ये जगातले मोठमोठे ड्रायव्हर सुटायचे!

विन्चेन्झो फ्लोरिओने १९०६ साली ही रेस सुरू केली तेव्हा तो जेमतेम तेवीस वर्षांचा. पहिल्या वर्षी १४८ किलोमीटरचे तीन फेरे होते, जिंकणाऱ्या कान्योला साडेनऊ तास लागले. पुढे फेरा ७२ किलोमीटरचा झाला, आम्ही तोच मारला.

चेर्दा सोडलं की घाट सुरू, आणि मग काय, एक वळण संपतं न संपतं तोच दुसरं, मला सारखा आपला वरंधा घाट आठवत होता, फक्त इथे दरीकडे कठडाही कुठे कुठेच, रस्ता मध्येच खचलेला आणि एका वळणावर तर मेंढ्यांचा अख्खा कळप. आम्हाला अडीच तास लागले. ड्रायव्हर हेल्मुट मार्कोने १९७२ च्या रेसमध्ये अल्फा रोमिओ गाडीतून हाच फेरा ३३ मिनिटं ४१ सेकंदांत मारला होता. आणि प्रॅक्टिस तर रस्ता चालू असताना, ट्रक आणि गाढवांमधूनच चालायची!

वाटेतल्या कोलेसानो गावात रेसचं म्युझियम आहे, तिथे सगळ्यात जास्त जीव कोणात अडकला असेल तर नीनो वाकारेल्लात. पालेर्मोचा शाळामास्तर, पुढे मुख्याध्यापक झाला, आणि १९६५, ७१, ७५ असा तीनदा घरच्या रस्त्यांवर जिंकला. एलिश्का युन्कोवा ही झेक बाई १९२८ साली बुगाटी घेऊन पाचवी आली, तिने आधी हा रस्ता पायी चालून पाठ केला होता. ते वाचून मी खरंच भारावून गेले, किती जिद्द ती.

१९७३ नंतर वर्ल्ड चॅम्पियनशिपमधून ही रेस गेली, १९७७ च्या अपघातात बघायला आलेली माणसं गेली आणि ती बंदच पडली. आता त्या नावाची मोटार रॅली होते, तेवढंच.

शेवटी समुद्राकाठचा सहा किलोमीटरचा सरळ रस्ता आला तेव्हा नवऱ्याने खांदे सैल केले आणि विचारलं, असे किती फेरे मारायचे गं ते लोक?

अकरा, मी म्हटलं. १९७३ ला अकरा.

तो बराच वेळ गप्प होता.