आचाऱ्यांचे आचार्य न करणारं सॉफ्टवेअर

मालिकांचे संवाद लिहीत होते तोवर मला पटकथेच्या सॉफ्टवेअरची गरजच नव्हती. वर्डमध्ये दोन रकान्यांचा तक्ता, डावीकडे कृती, उजवीकडे संवाद, वर सीन नंबर आणि दिवस की रात्र. चॅनेलला ते चालायचं, सेटवर तेच वाचलं जायचं. पीडीएफ ग्रुपवर टाकली की एपिसोड माझ्या डोक्यातून गेला. (टाकायची वेळ बहुतेकदा शूटिंगच्या दिवशी पहाटेची. एपिसोडची बँक, म्हणजे आगाऊ तयार ठेवलेले एपिसोड, ही गोष्ट मी फक्त मीटिंगमध्ये ऐकली आहे.)

सिनेमाचं काम आलं तेव्हा पहिल्याच बैठकीत निर्मात्याकडच्या माणसाने विचारलं, "मॅडम, एफडीएक्स देणार ना?" एफडीएक्स ही फायनल ड्राफ्ट या पटकथेच्या सॉफ्टवेअरची फाइल. ते सॉफ्टवेअर स्वतः न वापरणारेही ती मागतात, कारण शूटिंगचं शेड्यूल लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये ती थेट घेता येते. सीन नंबर, जागा, दिवस-रात्र, कोणत्या सीनला कोण पात्रं, सगळं आपोआप वेगळं होतं. वर्डचा तक्ता दिला तर असिस्टंट डिरेक्टरला ते एकेक करून हाताने भरावं लागतं. तेव्हा तो लेखकाबद्दल काय बोलतो हे मला पक्कं ठाऊक आहे. माझा धाकटा भाऊ तेच काम करतो.

माझ्याकडे पटकथेचं एक परदेशी सॉफ्टवेअर आधीपासून होतं, एकरकमी पैसे देऊन घेतलेलं. निर्मात्यांपुढे कथा मांडायची टिपणं, म्हणजे पिच, इंग्रजीत लिहायची वेळ आली की उघडायचे. त्याच कंपनीचा मेल आला होता: नवी आवृत्ती आली आहे, जुन्या ग्राहकांना सवलत, मुदत अमुक तारखेपर्यंत. तेव्हा प्रश्न असा होता की अपग्रेड घ्यायचं की सॉफ्टवेअरच बदलायचं. मेलमधली वैशिष्ट्यांची यादी लांबलचक होती. त्यात माझ्या कामाची एकच ओळ होती, 'आता जगभरातल्या लिप्या'.

मी चाचणी आवृत्ती उतरवून घेतली आणि अर्ध्या पानाचा एक सीन लिहिला. सीन भिकार होता, पण अक्षरं मुद्दाम छळणारी निवडली होती. ॲम्ब्युलन्स, हृदय, क्षितिज, उद्ध्वस्त, कॅप्टन. आणि एकाखाली एक दोन संवाद: "आचाऱ्यांना आत पाठव" आणि "आचार्यांना आत पाठव". लग्नघरातल्या सीनमध्ये या दोघांची अदलाबदल झाली तर कॉमेडी होते, पण ती मी लिहिलेली नसते. याचं कारण असं. 'ऱ्य' संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. एका पद्धतीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसऱ्या, जुन्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. काही सॉफ्टवेअरला ते चिन्ह कचरा वाटतो, ते पुसून टाकतं आणि रफार थेट य च्या डोक्यावर जाऊन बसतो. दऱ्यांचा दर्या होतो तो असाच.

पडद्यावर सगळं झकास दिसलं. पीडीएफ काढली आणि वेलांट्या भलत्याच अक्षरांना चिकटल्या, मधे मधे रिकामे चौकोन. भाऊ म्हणाला, "ताई, फॉन्टचा लोचा आहे." तो होताच. पटकथेचा ठरलेला फॉन्ट कुरियर, त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. पडद्यावर विंडोज गुपचूप दुसरा फॉन्ट लावून वेळ मारून नेतं, पण पीडीएफ करताना तो फॉन्ट फाइलमध्ये भरण्याची आणि जोडाक्षरं नीट बसवण्याची जबाबदारी त्या सॉफ्टवेअरची असते. म्हणून माझं ठाम मत झालं आहे: मराठीसाठी सॉफ्टवेअर तपासायचं तर पडदा बघायचाच नाही. पीडीएफ काढायची, ती दुसऱ्याच्या फोनवर पाठवायची आणि तिथे उघडायला लावायची. नट मंडळी शेवटी फोनवरच वाचणार आहेत.

अपग्रेडचा विचार तिथेच सोडला. सवलतीची मुदत गेली, पुन्हा वाढली, पुन्हा गेली.

दुसरी अडचण आधी माझ्या लक्षातच आली नव्हती. ही सगळी सॉफ्टवेअर इंग्रजी पटकथेच्या शिस्तीवर उभी आहेत. ओळीच्या सुरुवातीला रोमन लिपीत इंट. (घरातला सीन) किंवा एक्स्ट. (बाहेरचा) दिसलं की सीनचं शीर्षक, आणि सगळी अक्षरं कॅपिटल दिसली की पात्राचं नाव. देवनागरीत कॅपिटल नाहीत. त्यामुळे वर्डमधला जुना सीन आत ओतला की सुमन, सुमनची सासू आणि सासूचे संवाद, सगळे कृतीच्या एकाच परिच्छेदात गुण्यागोविंदाने नांदतात.

यावर साधा उपाय मिळाला तो फाउंटनमध्ये. फाउंटन हे सॉफ्टवेअर नाही, लिहायची पद्धत आहे. 2012 साली जॉन ऑगस्ट आणि स्टू माशविट्झ यांनी ती पुढे आणली. नोटपॅडमध्येसुद्धा पटकथा लिहिता येते, कारण सगळं साध्या मजकुरात असतं. ओळीआधी टिंब दिलं की ते सीनचं शीर्षक. नावाआधी ॲट द रेटची खूण दिली की ते पात्र, मग अक्षरं कॅपिटल असोत नसोत. '.अंतर्गत. सुमनचं घर - रात्र' ही ओळ फाउंटन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला बरोबर कळते. या दोन खुणांनी मराठीचा अर्धा प्रश्न सोडवला.

पण नुसत्या मजकुरावर सबंध सिनेमा लिहिणं मला जमेना. मला एकेका सीनची कार्डं लागतात, ती इकडची तिकडे करावी लागतात. मग स्क्राइट हे पटकथेचं सॉफ्टवेअर वापरून पाहिलं. ते बंगळुरूत तयार झालेलं आहे आणि भारतीय भाषा हा त्यात नंतर चिकटवलेला कप्पा नाही. रोमनमध्ये टाइप करून देवनागरी उमटवता येतं. मला इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डची सवय, म्हणून ते मी बंद ठेवलं. प्रत्येक भाषेला वेगळा फॉन्ट ठरवता येतो. मी टिरो देवनागरी मराठी लावला, कारण विंडोजच्या मंगल फॉन्टमधले ल आणि श हिंदी वळणाचे आहेत आणि सबंध पटकथाभर ते बघून मला शाळेतल्या हिंदीच्या पेपरची आठवण येते. आचारी आचारीच राहिले. तिथून एफडीएक्सही काढता येते आणि फाउंटनही. एकेका पात्राचे सीन वेगळे काढून देता येतात, ते तर ज्येष्ठ नटांना फार आवडतं.

पैशांचं थोडक्यात सांगते. परदेशी सदस्यत्व घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं की 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांचे नियम कडक झाले. कार्डावर आधी रीतसर परवानगी नोंदवलेली नसेल तर नूतनीकरणाची रक्कम अडते. सदस्यत्व संपल्यावर आपलीच पटकथा उघडेल का, आणि उघडली तर दुरुस्त करता येईल का, हे पैसे भरण्याआधी शोधावं.

जुन्या फाइली आणणं वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. एफडीएक्स आतून एक्सएमएल, म्हणजे खुणा घातलेला साधा मजकूर असते, म्हणून काहीच नाही जमलं तरी नोटपॅडमध्ये उघडून मजकूर वाचवता येतो. एका मैत्रिणीच्या सेलटेक्स या पटकथेच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइली होत्या. ती संगणकावरची आवृत्ती आता जुनी झाली, पण ती फाइल म्हणजे झिप असते. नावाचं शेपूट बदलून झिप केलं की आत पटकथा एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानासारखी, पडलेली असते. श्रीलिपी या युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं जे होतं त्याला मात्र युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागलं आणि नंतर ओळ न ओळ वाचावी लागली.

आता नवीन आवृत्ती आली, कुठल्याही सॉफ्टवेअरची, तरी ड्राफ्ट चालू असताना मी हात लावत नाही. ड्राफ्ट संपला की जुन्या आवृत्तीतून पीडीएफ आणि फाउंटन काढून ठेवते, मग अपग्रेड, मग तीच पटकथा नव्यातून पुन्हा काढून दोन्ही पीडीएफ शेजारी ठेवते. बघायचं ते दोनच: सीन नंबर हलले का, आणि पानं वाढली का. सीन नंबर एकदा कुलूपबंद झाले की 24 आणि 25 च्या मधला नवा सीन 24 अ व्हायला हवा. तो 25 झाला तर पुढचं सगळं ब्रेकडाउन, म्हणजे कोणत्या सीनला कोण आणि काय लागतं याची यादी, एकेका घराने सरकतं आणि ज्या दिवशी सासू बोलावली आहे त्या दिवशी सेटवर सासूचा सीनच नसतो. परदेशात दुरुस्तीची पानं निळी, गुलाबी, पिवळी अशा रंगात छापतात म्हणे. आमच्याकडे फोनवर पीडीएफ फिरते, तिच्या नावात तारीख असली तरी पुष्कळ.

पानांचा वाद मात्र अजून संपलेला नाही. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब कुरियरच्या 12 पॉइंटचा आहे: इंचाला दहा अक्षरं, उभ्या इंचात सहा ओळी. देवनागरीत प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी. शिवाय वर मात्रा आणि रफार, खाली उकार, त्यामुळे ओळींत अंतर जास्त सोडावं लागतं. फॉन्ट बदलला की त्याच पटकथेची पानं बदलतात. मी माझे सीन मोठ्याने वाचून घड्याळ लावलं, तर माझ्या मांडणीत संवादाचं एक पान साधारण पाऊण मिनिटाला संपतं. निर्मात्याकडून फोन आला, "सिनेमा फार लांब झालाय, दीडशे पानं आहेत." मी घड्याळाचे आकडे पाठवले. त्यांनी विचारलं, फॉन्ट लहान करता येईल का. करता येतो, म्हटलं, पण सिनेमा तेवढाच राहील. आता पहिल्या पानावर पानांच्या आकड्याआधी मिनिटांचा आकडा छापते, आणि प्रत्येक सीनच्या शीर्षकाशेजारी सेकंद.