शेजारच्या सॉकेटातली 487

इंटेलने 1991 मध्ये 486एसएक्स ही कॉम्प्युटरची स्वस्तातली मुख्य चिप काढली. आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मशीन जोडणारी पोरं तिला नुसतं ‘एसएक्स’ म्हणायचो. महागडी ती डीएक्स. डीएक्समध्ये दशांशाची गणितं करणारा मॅथ कोप्रोसेसर चालू असायचा, एसएक्समध्ये बंद. तिच्यात तो नव्हताच असं नाही बरं का! सुरुवातीच्या एसएक्समध्ये तो होता, कंपनीनेच बंद करून पाठवलेला.

पत्रं टाइप करणाऱ्यांचं काही अडत नसे. अडायचं ऑटोकॅडवाल्यांचं, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढणाऱ्यांचं. त्या ऑटोकॅडची बारावी आवृत्ती कोप्रोसेसरशिवाय सुरूच व्हायची नाही. दादरचे एक आर्किटेक्ट तणतणत आले होते, “अहो, फोर एटीसिक्सच दिलाय ना मला? मग?” त्यावरचं औषधही इंटेलच विकायची: 487एसएक्स. बोर्डावरच्या रिकाम्या सॉकेटात बसवायची. गिऱ्हाइकाला वाटे, जुनीच्या मदतीला जोडीदार आली. प्रत्यक्षात ती अख्खी डीएक्सच, फक्त एक पिन जास्त. ती बसली की जुनीला गप्प करून सगळा कारभार स्वतः बघायची. म्हणजे गिऱ्हाईक एकाच कोप्रोसेसरसाठी दोन चिपा घेऊन बसलेलं.

चिप बनवताना काही भाग खराब निघतो, तो बंद करून उरलेली स्वस्तात विकली तर माझी तक्रार नाही. माल वाया जाण्यापेक्षा बरं. पण आयबीएमच्या 1990 च्या स्वस्तातल्या लेझरप्रिंटर ई मध्ये काहीच खराब नव्हतं. मूळ प्रिंटर मिनिटाला 10 पानं काढायचा, हा 5. कारण त्याच्या कंट्रोलरमध्ये मुद्दाम थांबे घातले होते. डेनेकर आणि मॅकाफी या अर्थशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये अशा मालावर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं, असं केल्याने कधीकधी सगळ्यांचाच फायदा होतो, कारण ज्याला महाग परवडत नाही त्याला निदान काहीतरी मिळतं. प्रिंटरपुरतं मला ते पटतं. 487 पुरतं अजिबात नाही.

2010 मध्ये तर इंटेलने 50 डॉलरचं कार्डच काढलं. पेंटियम जी6951 वाल्यांनी त्यावरचा कोड टाकला की चिपमध्ये आधीपासूनच असलेली 1 एमबी कॅश (चिपमधली वेगवान मेमरी) आणि हायपरथ्रेडिंग (एका कोअरने एका वेळी दोन कामं हाताळणं) चालू! लोकांनी बोंब ठोकली, पुढच्या वर्षी योजना गुंडाळली गेली. मला मात्र ते कार्ड 487 पेक्षा प्रामाणिक वाटलं. निदान दुसरी चिप तरी गळ्यात मारली नाही.