सर्बियन भाषेचा नकाशा, टप्पा दुसरा: रंग भरले, लेबलं अर्धी

'एका देशाला एक रंग' ही पद्धत या टप्प्यात मोडीत काढली. क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नगरपालिकांच्या हद्दींचा थर घेऊन त्याला चार रकाने जोडले: सर्बियनचा अधिकृत दर्जा, लिपी, कायद्याचं वर्ष, जनगणनेचं वर्ष.

सर्बिया सोपा. २००६ च्या राज्यघटनेचं कलम १०: भाषा सर्बियन, लिपी सिरिलिक (रशियनचीही हीच). रस्त्यावर लॅटिन लिपी भरपूर दिसते, पण रकान्यात घटनेतलंच जातं. बोस्निया-हर्जेगोविनाच्या राष्ट्रीय घटनेत राजभाषा शोधत बसू नका. तो दर्जा दोन घटक प्रदेशांच्या घटनांत आहे. त्यातही रिपब्लिका सर्प्स्काची घटना भाषेचं नाव न घेता 'सर्ब लोकांची भाषा' म्हणते.

माँटेनेग्रोला वेगळी छटा हवीच. २००७ च्या घटनेनुसार राजभाषा माँटेनेग्रिन. सर्बियन, बोस्नियन, अल्बेनियन, क्रोएशियन या भाषा 'अधिकृत वापरात'. गोव्याचा १९८७ चा राजभाषा कायदा वाचलेल्यांना हा भेद समजावून सांगायला नको. कोसोव्हात अल्बेनियन आणि सर्बियन दोन्ही राजभाषा (घटना २००८); हद्द मात्र तुटक रेषेत, कारण स्वतंत्र देश म्हणून त्याला भारतासह बऱ्याच देशांची मान्यता नाही.

खरी डोकेदुखी क्रोएशिया. २००२ च्या कायद्यानं अल्पसंख्याकांच्या भाषेला समान अधिकृत वापर मिळतो तो स्थानिक लोकसंख्येत एक तृतीयांश वाटा असेल तर. वुकोवार शहरात २०११ च्या जनगणनेत सर्बांनी ही रेषा ओलांडली, २०१३ मध्ये सिरिलिक पाट्या लागल्या आणि फोडल्याही गेल्या. २०२१ च्या जनगणनेत वाटा पुन्हा रेषेखाली. जनगणनेचं वर्ष न देता रंगवलेला वुकोवार म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

आता लेबलं. लॅटिनमधून सिरिलिक करताना एल-जे, एन-जे आणि डी-झेड (डोक्यावर खूण असलेला झेड, ž) या जोड्या आधी बदला, सुटी अक्षरं नंतर; सिरिलिकमध्ये अशा प्रत्येक जोडीचं एकच अक्षर असतं. उलट केलंत तर एका अक्षराची दोन होतात. तरीही 'कोन्युगात्सिया'सारखे शब्द फसतात: तिथे एन आणि जे शेजारी असले तरी सुटेच राहायला हवेत. अपवादांची यादी हाताने करावी लागते, दुसरा उपाय नाही.

नद्यांची नावं तिरप्या अक्षरात असतात आणि नेमकं तिथेच घोडं अडतं. तिरप्या सिरिलिकमध्ये ग, द, प, त यांची सर्बियन वळणं रशियनपेक्षा वेगळी, पण युनिकोड क्रमांक तेच. फॉन्टमध्ये स्थानिक रूपं हवीत आणि मजकुराची भाषा सर्बियन नोंदवलेली हवी. मराठी ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात, तोच हा प्रकार. चाचणीला टोप्लित्सा नदी घ्या: मधला प लॅटिन एन-सारखा दिसला, तर भाषेची नोंद लागलेली नाही किंवा फॉन्टमध्ये ती रूपंच नाहीत.

सर्बियातला वोयवोदिना प्रांत बाकी आहे. प्रांताच्या कारभारात सहा भाषा, म्हणून तिथे सपाट रंगाऐवजी रेघारेघांची भरण करून बघायची आहे.