आमची वाटचाल : तुंबलेल्या नळीतून निघालेले खत

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत आमचे छोटे वर्कशॉप आहे. प्रारंभी आम्ही कारखान्यांतील बिनपाण्याच्या मुताऱ्या बसविण्याचे आणि त्यांच्या देखभालीचेच काम करीत असू. त्यांच्या नळ्या काही महिन्यांत पांढऱ्या, दगडासारख्या खाराने तुंबत आणि आमचे कारागीर तो आम्ल ओतून, प्रसंगी छिन्नीने फोडून काढत. दांडिया बाजारात राहणाऱ्या, रसायनशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्यांनी त्याचा तुकडा पाहिला आणि म्हणाले, "अहो, हा स्ट्रुव्हाइट. मुतखड्यातही सापडतो. तुम्ही चांगले खत फेकून देताय!"

स्ट्रुव्हाइट हा मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा स्फटिक असून त्यात वजनाने सुमारे १२.६ टक्के फॉस्फरस असतो. मूत्र साठविले की जिवाणू युरियाचे अमोनियात रूपांतर करतात, सामू (pH) ९च्या आसपास चढतो आणि स्फटिक बनण्यासाठी उणीव राहते ती बहुतेक मॅग्नेशियमचीच. (१६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने फॉस्फरस प्रथम मिळविला तोही मूत्र आटवूनच, आम्ही आटवण्याचा खर्च वाचवला, इतकेच.) मॅग्नेशियमसाठी आम्ही मिठागरात मीठ काढून घेतल्यावर उरणारे कडू पाणी आणतो, गुजरातेत ते स्वस्तात मिळते.

पहिले वर्ष मात्र वाया गेले. एका गिऱ्हाइकाचे सफाई कर्मचारी सवयीने मुताऱ्यांत बोअरचे जड पाणी ओतत, त्यातील कॅल्शियम फॉस्फेटला बांधून घेई आणि टाकीच्या तळाशी स्फटिकांऐवजी गाळण्यास कठीण असा बारीक गाळ बसे. दुसरी चूक सर्वस्वी आमचीच होती: घाईने भट्टीत वाळविल्यामुळे अमोनिया उडून गेला. आता फॉस्फेटच्या मानाने किंचित अधिक मॅग्नेशियम घालून टाकी ढवळतो, स्फटिक कापडी पिशवीत गाळतो आणि सावलीत पसरतो. हजार लिटरमागे जेमतेम दीड-दोन किलो माल हाती येतो, त्यामुळे केवळ खताच्या विक्रीवर हा व्यवसाय चालत नाही. देखभालीचे करारच घर चालवितात.

स्फटिक पाण्यात हळूहळू विरघळतो, म्हणून कुंड्या आणि रोपवाटिकांना तो मानवतो. फॉस्फरस निघाला तरी बहुतांश नत्र उरलेल्या द्रवातच राहते. वडोदऱ्याजवळच्या पादरा गावाकडील एक भाजीवाले शेतकरी तो पातळ करून वापरतात, पण टँकरचे भाडे अजून आमच्याच खिशातून जाते.