बाळासाहेब खेर: सॉलिसिटरच्या डोक्यानं चालवलेला प्रांत

वकील राजकारणात आला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोर्ट गाजवणारा माणूस येतो, आवाज चढवणारा, साक्षीदाराला घाम फोडणारा. बाळासाहेब खेर त्यातले अजिबातच नव्हते. मुंबई प्रांताचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान (हो, तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधानच म्हणायचे), नंतरचे मुख्यमंत्री, पण मूळ धंदा सॉलिसिटरचा. त्या काळी मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला (जिथं दावे थेट हायकोर्टातच दाखल व्हायचे) काम दोघांत वाटलेलं असायचं, सॉलिसिटरनं पक्षकाराला भेटायचं, कागद गोळा करायचे, केस बांधून ब्रीफ तयार करायचं आणि मग उभं राहून बोलायचं ते काउन्सेलनं, म्हणजे टाळ्या त्याच्या आणि रात्रीची जागरणं याची. खेर हे जागरणवाले. आणि माझं मत असं की त्यांचं अख्खं राजकारण या एका गोष्टीवरून बऱ्यापैकी उलगडतं, चांगलंही आणि खटकणारंही.

जन्म १८८८ चा, रत्नागिरीचा. विल्सन कॉलेजातून संस्कृत घेऊन बीए, मग कायदा. सुरुवातीला हायकोर्टातल्या न्यायमूर्ती बीमन यांच्याकडे काम केलं, बीमनसाहेबांची दृष्टी अधू झालेली, त्यामुळे त्यांना कागद वाचून दाखवायचं काम. आता विचार करा, वर्षानुवर्षं दुसऱ्यासाठी कायदा मोठ्यानं वाचायचा म्हणजे काय तयारी होत असेल! १९१८ ला स्वतः सॉलिसिटर झाले, फर्म काढली, मग स्वराज्य पक्ष, मग १९३० आणि ३२ च्या चळवळीत तुरुंग. हे सगळं त्या पिढीतल्या बऱ्याच वकिलांचं सारखंच आहे म्हणून पुढे जातो.

खरी गंमत १९३७ ला. निवडणुकीत काँग्रेस १७५ जागांच्या असेंब्लीत सगळ्यात मोठा पक्ष झाली आणि सगळ्यांना वाटत होतं नेता होणार बॅरिस्टर नव्हे पण तसाच गाजलेला वकील, के. एफ. नरिमन. मुंबई शहरात नरिमनांचं वजन मोठं. पण पक्षानं निवडलं खेरांना. नरिमन म्हणाले सरदार पटेलांनी खेळ केला, प्रकरण चौकशीपर्यंत गेलं, गांधीजी आणि वकील बहादुरजी यांनी निकाल दिला तो नरिमनांच्या विरोधात. मौलाना आझादांनी मात्र नंतर लिहून ठेवलंय की नरिमनांवर अन्याय झाला. मला स्वतःला वाटतं पटेलांना प्रांतात दुसरं सत्ताकेंद्र नकोच होतं, आणि सूचना नीट ऐकून घेणारा, कागद चोख ठेवणारा माणूस हवा होता. यात खेरांचा कमीपणा नाही, पण मग पक्षकार कोण, प्रांतातली जनता का पक्षाची हायकमांड, हा प्रश्न त्यांच्या मागे कायमचा लागला.

बरं, निवडून येऊनही लगेच खुर्ची घेतली नाही. १९३५ च्या कायद्यात (ब्रिटिशांनी प्रांतांना मर्यादित स्वायत्तता दिली तो) गव्हर्नरला खास अधिकार होते, ते तो वापरणार नाही असं आश्वासन काँग्रेसला हवं होतं, त्यामुळे एप्रिल ते जुलै धनजीशा कूपर यांचं हंगामी मंत्रिमंडळ आलं (सावरकरांवरची रत्नागिरीची बंधनं याच काळात उठली). जुलै १९३७ ला खेर आले, मंत्र्यांचा पगार पक्षाच्या ठरावाप्रमाणे महिना ५०० रुपये. मंत्रिमंडळात वकिलांची गर्दी, गृहखात्याला कन्हैयालाल मुन्शी, अर्थखात्याला अण्णासाहेब लठ्ठे. आणि समोर विरोधी बाकावर कोण तर डॉ. आंबेडकर, म्हणजे तिथंही वकीलच, आणि तोही यांच्यापेक्षा भारी.

मला विचाराल तर त्या सभागृहातला सगळ्यात महत्त्वाचा विषय खोतीचा. खेर रत्नागिरीचे आणि खोतीचा जाच सगळ्यात जास्त तिथंच आणि कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला, सारा गोळा करणारा आणि स्वतःचा हिस्सा वाजवून घेणारा, वर वेठ वेगळी. अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटलांच्या मागे शेतकऱ्यांनी १९३३ पासून जमिनी कसायचंच बंद केलेलं, ते वर्षानुवर्षं चाललं. १७ सप्टेंबर १९३७ ला आंबेडकरांनी खोती रद्द करायचं बिल मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन आले, शिष्टमंडळ खेरांना भेटलं, खेरांनी ऐकून घेतलं. बिल मात्र पास झालं नाही. १९३९ ला कुळांसाठी एक कायदा आला, अर्धामुर्धा. खोती रद्द करणारा कायदा शेवटी आला १९४९ चा, आणि तेव्हाही सरकार खेरांचंच! म्हणजे त्याच माणसाच्या हातून, पण मध्ये बारा वर्षं. कुणी म्हणेल १९३५ च्या कायद्यात हात बांधलेले होते, बहुमत काठावरचं होतं, १९३९ च्या नोव्हेंबरात महायुद्धावरून राजीनामाच द्यावा लागला, पुढं १९४६ पर्यंत गव्हर्नरचा कारभार. सगळं खरं. पण मजुरांचा प्रश्न आला तेव्हा याच सरकारला घाई करता आली ना. १९३८ चा औद्योगिक तंट्यांचा कायदा, आधी नोटीस, मग समेटाची लांबलचक प्रक्रिया, त्याआधी संप केला तर बेकायदा आणि तुरुंग. ७ नोव्हेंबर १९३८ ला आंबेडकर आणि कम्युनिस्ट दोघांनी मिळून एक दिवसाचा संप केला, गिरणगावात गोळीबार झाला. स्वतः तुरुंग भोगलेल्या माणसांच्या सरकारनं हे करावं, हे मला आजही पचत नाही. सॉलिसिटरचं डोकं इथं उघडं पडतं, प्रक्रिया नीट असली की न्याय झालाच असं त्याला वाटायला लागतं.

दारूबंदीचं मात्र वेगळं. ऑगस्ट १९३९ पासून मुंबईत दारूबंदी, मंत्री डॉ. गिल्डर. बुडणारा महसूल भरून काढायला शहरातल्या मालमत्तेवर १० टक्के कर लावला, घरमालक चिडले, हायकोर्टात गेले, प्रांताला हा कर लावायचा अधिकारच नाही म्हणून. फुल बेंचनं कर वैध ठरवला. दुसऱ्या पाळीत १९४९ ला सगळ्या प्रांतभर दारूबंदीचा कायदा केला, तो १९५१ ला बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टात गेला, तिथं बराचसा टिकला पण दारूचा अंश असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची कलमं उडाली. उद्देश पटो न पटो (मला फारसा पटत नाही), कोर्टात मार खाऊन बहुतेक उभा राहिला म्हणजे मसुद्यावर मेहनत झाली असणार.

दुसरी पाळी १९४६ ते ५२, त्यात फाळणीनंतरचे निर्वासित, संस्थानांचं विलीनीकरण, कूळकायदा, पुणे विद्यापीठ, खरं तर काम जास्त याच पाळीतलं आहे पण आपल्याकडे त्याबद्दल बोलतं कोण. १९५२ ला मोरारजी आले, खेर लंडनला हायकमिशनर म्हणून गेले, परत आल्यावर १९५५ ला राजभाषा आयोगाचे, म्हणजे सरकारी कामात इंग्रजीऐवजी हिंदी कशी आणायची हे बघणाऱ्या आयोगाचे, अध्यक्ष. आयोगाच्या अहवालात दोघांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या, एक सुनीतिकुमार चॅटर्जी आणि दुसरे पी. सुब्बरायन, आणि हे सुब्बरायन म्हणजे १९२६ ते ३० मद्रास प्रांताचे प्रमुख राहिलेले, तेही कायदाच शिकलेले. अहवाल १९५६ चा, खेर गेले मार्च १९५७ ला.